आकाशातले अंतर आणि घरून निघण्याची वेळ



आपल्या हिंगोली जिल्ह्यात विमानतळ नाही. हिंगोलीला नाही, वसमतला नाही, कळमनुरीला नाही. सेनगाव आणि औंढा नागनाथलाही नाही. मग विमानाच्या प्रवासाचा हिशेब आपल्याला कशाला हवा, असे कोणी विचारील. पण तो हवाच. २७ एप्रिल २०१७ रोजी केंद्र सरकारच्या ‘उडान’ योजनेची पहिली विमाने सुटली आणि त्यांत नांदेड-हैदराबाद हे विमान होते. तेव्हापासून आपल्याकडच्या साध्या माणसालाही विमान अगदीच परके राहिलेले नाही. कोणाचा मुलगा मुलाखतीला पुण्याला निघतो, कोणाच्या वडिलांना तपासणीसाठी मुंबईला न्यायचे असते, कोणी फौजेतला जवान सुट्टी संपवून दिल्लीकडे परततो. घरात मग चर्चा सुरू होते: एसटीने जावे, रेल्वेने जावे, की नांदेडहून विमान पकडावे?

अशा वेळी कोणीतरी खिशातला मोबाईल काढतो आणि दोन आकडे वाचून दाखवतो: इतके किलोमीटर, इतकी मिनिटे. आकडे ऐकून सगळे थक्क होतात. “अरे, अर्ध्या तासात संभाजीनगर!” आकडे खोटे नसतात, बरे का. पण त्या आकड्यांत काय धरले आहे आणि काय धरलेले नाही, हे ज्याला ठाऊक नाही त्याचा बेत चुकतो, पैसा जातो आणि क्वचित त्याहून मोठे काही हातचे जाते. म्हणून आज हे दोन आकडे आपण नीट उलगडून पाहू. उदाहरणाला आपल्या शेजारचेच दोन विमानतळ घेऊ: एक नांदेडचा आणि दुसरा छत्रपती संभाजीनगरचा, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचा, चिकलठाण्याचा.

आधी अंतर. नांदेडहून संभाजीनगरला रेल्वेने जायचे तर पूर्णा, परभणी, सेलू, परतूर, जालना असा मार्ग आहे आणि तो २३५ ते २४० किलोमीटर भरतो. रस्त्याने जावे तर अडीचशेच्या पुढे जाते. विमानाचे अंतर मात्र यापेक्षा कमी, सुमारे २१५ किलोमीटर. असे का? रस्त्याला गावे जोडायची असतात, पुलाची जागा पाहून नदी ओलांडायची असते, डोंगराला वळसा घालायचा असतो. रेल्वेला चढ फार सोसत नाही, म्हणून तीही वळणे घेते. आकाशात या अडचणी नाहीत. दोन विमानतळांमध्ये दोरी ताणून धरली तर ती वसमत शहराच्या दक्षिणेकडून, परभणीच्या उत्तरेकडून आणि जालन्याच्या दक्षिणेकडून जाईल. त्या दोरीची लांबी म्हणजे हे सरळ अंतर.

शिक्षक मित्रहो, हा आकडा तुम्हाला कोणाकडून उसना घ्यावा लागत नाही. सातवी-आठवीच्या वर्गात फळ्यावर तो काढता येतो. नांदेडचा विमानतळ साधारण १९.१८ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७७.३२ अंश पूर्व रेखांशावर आहे. संभाजीनगरचा १९.८६ आणि ७५.४० अंशांवर. अक्षांशांतला फरक ०.६८, रेखांशांतला १.९२. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे एकमेकींजवळ येत जातात, म्हणून आपल्या भागात रेखांशाचा एक अंश सुमारे १०५ किलोमीटरच भरतो. आता गुणाकार करा. दक्षिणोत्तर अंतर झाले सुमारे ७५ किलोमीटर, पूर्वपश्चिम झाले सुमारे २०२. या झाल्या काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू. पायथागोरसच्या सिद्धान्ताने कर्ण काढला की उत्तर येते २१५. मुलांना त्रिकोणाचा कर्ण कोठे कामाला येतो हे सांगायला याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

त्रिकोणांवरून जमीन मोजण्याची ही विद्या आपल्या देशात विमानाच्या फार आधीपासून आहे. १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्टन या अधिकाऱ्याने एक पायारेषा साखळीने मोजली आणि तेथून त्रिकोणाला त्रिकोण जोडत भारताची मोजणी उत्तरेकडे सरकवली. टेकडीवरून टेकडीकडे दुर्बीण लावायची, कोन मोजायचा, हिशेब करायचा. असे वर्षानुवर्षे चालले. हैदराबादहून नागपूरकडे जाताना जानेवारी १८२३ मध्ये लॅम्टन वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला आणि तेथेच त्याला मूठमाती मिळाली. आज मोबाईल पापणी लवते न लवते तोच सरळ अंतर सांगतो, त्यामागे अशा माणसांची पायपीट आहे.

येथे एक खुलासा हवा. पृथ्वी गोल आहे, तेव्हा नकाशावर पट्टीने ओढलेली रेषा हीच सर्वांत जवळची वाट असे नेहमी नसते. मुंबईहून लंडनला जाणारी जवळची वाट सपाट नकाशावर उत्तरेकडे वाकलेली दिसते. शाळेत पृथ्वीचा गोल असेल तर त्यावर दोरा ताणून पहा, मुलांना लगेच पटेल. पण आपल्या दोनशे-अडीचशे किलोमीटरच्या अंतरात हा फरक नगण्य आहे. नकाशा, पट्टी आणि प्रमाण एवढ्यावर आपले काम भागते.

वैमानिक मात्र किलोमीटर मोजत नाही. तो सागरी मैल मोजतो. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. म्हणून आपले २१५ किलोमीटर त्याच्या वहीत ११६ सागरी मैल होतात. आणि आपल्या आजोबांच्या हिशेबात? कोस सुमारे दोन मैलांचा धरला तर हे पाऊणशेच्या आतले कोस झाले. अंतर तेच, मोजणारा बदलला की आकडा बदलतो. म्हणून कोणी नुसता आकडा सांगितला तर आधी विचारावे, कशाचा?

आता वेळेकडे वळू. आपल्याकडच्या लहान विमानतळांवर पंख्याची सत्तर-बहात्तर आसनांची विमाने उतरतात, तशी जेट विमानेही उतरतात. पंख्याच्या विमानाचा वेग तासाला सुमारे ५०० किलोमीटर धरू. २१५ भागिले ५००, म्हणजे २६ मिनिटे. मोबाईलवरचा “अर्धा तास” हाच. पण या भागाकारात एक गोष्ट राहून गेली आहे.

तुम्ही शेतावर गाडी नेता. शेत गावाला लागून असो की दोन कोसांवर, बैल सोडून आणायचे, जू मानेवर ठेवायचे, सापत्या बांधायच्या, गाडीत सामान भरायचे, याला वेळ सारखाच लागतो. शेत जवळ आहे म्हणून बैल लवकर जुंपले जात नाहीत. विमानाचेही तसेच आहे. दार बंद झाल्यावर ते सावकाश धावपट्टीच्या टोकाला जाते, परवानगीची वाट पाहते, मग उडते. पाच-सहा किलोमीटर उंची गाठेपर्यंत त्याचा वेग पूर्ण नसतो. उतरतानाही तसेच, वेग कमी करायचा, धावपट्टीच्या रेषेत यायचे, आणि त्यासाठी कधी वळसा घ्यायचा. मग पुन्हा जमिनीवर सावकाश चालत मुक्कामाच्या जागी थांबायचे. या साऱ्याचा जास्तीचा वेळ अर्धा तास धरला तर २६ मिनिटांचा प्रवास ५६ मिनिटांचा होतो. म्हणूनच नांदेड-हैदराबादचे सरळ अंतर जेमतेम २४५ किलोमीटर असूनही असे विमान तासाभराचेच समजून चालावे. लहान पल्ल्यात विमान चढून सरळ होते न होते तोच उतरू लागते. त्याला पूर्ण वेगाने धावायला रान मिळतच नाही.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. पुराच्या पाण्यात प्रवाहाबरोबर पोहणारा झपाट्याने जातो आणि उलट पोहणारा दमतो, हे पूर्णेच्या आणि कयाधूच्या काठावरच्या माणसाला शिकवायला नको. हवेचाही प्रवाहच. हिवाळ्यात आपल्याकडे उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वारा असतो. तो तासाला ५० किलोमीटर धरला तर संभाजीनगरहून नांदेडकडे येणाऱ्या विमानाचा जमिनीवरचा वेग ५५० होतो आणि उलट जाणाऱ्याचा ४५०. येताना साडेतेवीस मिनिटे, जाताना जवळजवळ एकोणतीस. अंतर तेच, वेळ निराळा. शिक्षक मित्रहो, येथे मुलांना एक कोडे घाला: वाऱ्याने जाताना जेवढे मिळवले तेवढेच येताना गमावले, म्हणजे जाऊन-येऊन वेळ वाऱ्याशिवाय जेवढा लागला असता तेवढाच लागतो का? मुले बहुधा हो म्हणतील. त्यांना हिशेब करू द्या. जाऊन-येऊन वेळ थोडा जास्तच लागतो. कारण उलट्या वाऱ्यात विमान अधिक वेळ राहते.

इथपर्यंत झाला विमानाचा वेळ. पण प्रवास विमान करत नाही, माणूस करतो. आणि तो आपल्या घरून निघतो. म्हणून आता हिंगोलीच्या माणसाचा हिशेब मांडू.

हिंगोलीपासून नांदेडचा विमानतळ सरळ रेषेत साठ-बासष्ट किलोमीटर आहे. रस्त्याने मात्र ऐंशी-नव्वद किलोमीटर होतात. त्याला दोन तास धरा. एसटी वेळेवर मिळेल न मिळेल, रस्त्यात फाटक असेल, म्हणून अर्धा तास पदरी राखा. विमान सुटण्याच्या तासभर आधी सामान घेण्याची खिडकी बंद होते असे समजूनच चालावे, म्हणजे विमानतळावर दीड तास आधी पोचायला हवे. जमिनीवरचा आणि चढ-उताराचा जास्तीचा वेळ अर्धा तास. पलीकडे उतरल्यावर सामान घेऊन शहरात पोचायला पाऊण तास. बेरीज करा: दोन, अर्धा, दीड, अर्धा, पाऊण. सव्वापाच तास झाले, आणि यात प्रत्यक्ष उड्डाणाचे अंतर अजून एक किलोमीटरही धरलेले नाही! हा आपला जुंपणीचा वेळ. विमान संभाजीनगरला जावो की दिल्लीला, हा वेळ जवळजवळ ठरलेला.

याच्या समोर रस्ता ठेवू. रस्त्याचे अंतर सरळ अंतराच्या १.२ पट आणि गाडीचा वेग तासाला ५० किलोमीटर धरला, तर सरळ अंतराच्या प्रत्येक किलोमीटरला गाडी १.४४ मिनिटे घेते. विमान ०.१२ मिनिट घेते. म्हणजे प्रत्येक किलोमीटरमागे विमान १.३२ मिनिटे वाचवते. सव्वापाच तास म्हणजे ३१५ मिनिटे आधी खर्ची पडली आहेत. ती वसूल व्हायला ३१५ भागिले १.३२, म्हणजे सुमारे २४० किलोमीटर जावे लागतात. ध्यानात ठेवण्याजोगा आकडा हाच. हिंगोलीच्या माणसाने मुक्काम सरळ रेषेत २४० किलोमीटरच्या आत असेल तर विमानाचा विचार वेळ वाचवण्यासाठी करू नये. नांदेड शहरात राहणाऱ्याचा हा आकडा बराच खाली येतो, कारण त्याचा जुंपणीचा वेळ कमी. तुमच्या गावचा आकडा तुम्हीच काढा, रीत हीच.

आता ताडून पाहू. हिंगोलीहून संभाजीनगर सरळ रेषेत सुमारे १८४ किलोमीटर. या मापाने रस्त्याने साडेचार तासांच्या आत जाता येते. नांदेडहून थेट विमान आहे असे धरले तरी घरापासून घरापर्यंत साडेपाच तासांच्या वर लागतील. “अर्धा तास” कोठे आणि साडेपाच तास कोठे! शिवाय हिंगोलीहून आधी दक्षिणेला नांदेडकडे जायचे आणि मग वायव्येकडे उडायचे, हा द्राविडी प्राणायाम वेगळाच. नागपूर सरळ रेषेत अडीचशेच्या जवळपास येते. तेथे दोन्हींत फारसा फरक पडत नाही. पुणे सुमारे ३६० किलोमीटर. तेथे रस्त्याला साडेआठ तासांच्या वर लागतात आणि विमानाने सारे धरून सहा तास. म्हणजे वेळ खरोखर वाचतो.

आणि दिल्ली? २०२४ मध्ये नांदेडहून दिल्लीजवळच्या हिंडन विमानतळाला जेट विमान सुरू झाले. नकाशा काढून पहा, मोठी मौज आहे. नांदेड आणि हिंडन जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, आणि त्याच रेखांशावर आपले कळमनुरी आहे. तेव्हा नकाशावरची ही रेषा सरळ कळमनुरीच्या डोक्यावरून उत्तरेला जाते; अंतर सुमारे १,०५५ किलोमीटर. प्रत्यक्ष विमान ठरलेल्या हवाई मार्गाने जाते, त्यामुळे ते थोडे इकडेतिकडे होईल, ही गोष्ट निराळी. जेटचा वेग तासाला ८०० धरला तर उड्डाणाला एक तास वीस मिनिटे. त्यात आपला सव्वापाच तासांचा जुंपणीचा वेळ मिळवा, हिंडनहून दिल्ली शहरात जायला आणखी एक तास धरा, तरी साडेसात-आठ तासांत माणूस पोचतो. नांदेडहून रेल्वेने दिल्लीला चोवीस तासांहून अधिक लागतात. येथे विमान जिंकले, आणि चांगले जिंकले. शेत दूर असले की जुंपणीचा वेळ जाणवत नाही, तो असा.

तरीही वेळेच्या हिशेबाबरोबर भरवशाचा हिशेब करावा लागतो. एसटी चुकली तर पुढची गाडी तासा-दोन तासांत मिळते. लहान विमानतळावरचे विमान चुकले किंवा रद्द झाले तर पुढचे उद्या असेल, कधी परवाही असेल; काही विमाने आठवड्यातले ठरावीक वारच सुटतात. पावसाळ्यातले ढग आणि हिवाळ्यातले धुके यांनीही उशीर होतो. म्हणून ज्या मुलाची मुलाखत किंवा परीक्षा सकाळी आहे त्याने त्याच दिवशीच्या विमानावर विसंबू नये; आदल्या दिवशीच मुक्काम गाठावा. तिकीट काढण्यापूर्वी त्या मोसमात ते विमान सुरू आहे का, कोणत्या वारी आहे, हे विचारून घ्यावे. मार्ग सुरू होतात तसे बंदही पडतात.

आणि आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जिच्यासाठी हा सारा खटाटोप. घरात माणूस अचानक अत्यवस्थ होतो. छातीत कळ येते, अंगाची एक बाजू लुळी पडते, साप चावतो. घाबरलेल्या घराला तो मोबाईलवरचा आकडा आठवतो: “सकाळचे विमान आहे, तासात मोठ्या शहरात पोचू.” बंधूंनो, येथे थांबा आणि जुंपणीचा वेळ आठवा. त्या एका तासामागे सव्वापाच तास उभे आहेत, आणि विमान सकाळचे असेल तर मधली सारी रात्र उभी आहे. शिवाय अत्यवस्थ रुग्णाला प्रवासी विमानात घेण्यापूर्वी डॉक्टरचा दाखला मागतात आणि प्रकृती ठीक नसेल तर नाकारतातही. ते त्याच्या भल्याचेच आहे. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा, जवळच्या रुग्णालयात पोचा, आणि पुढे कोठे न्यायचे ते डॉक्टरांना ठरवू द्या. हिंगोलीला जिल्हा रुग्णालय आहे, नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. पहिल्या तासाला जे मोल आहे ते पुढच्या कोणत्याही वेगाला नाही. ठरवून करायच्या तपासणीला, डॉक्टरांची परवानगी असता, विमानाने जरूर जा. अडीअडचणीच्या रात्री मात्र विमानाची वाट पाहू नका.

शिक्षक मित्रहो, हा विषय तुमच्या शाळेत एका तासात होण्याजोगा आहे. मुलांना जिल्ह्याचा आणि राज्याचा नकाशा द्या. प्रत्येकाने आपल्या गावापासून नांदेडच्या विमानतळापर्यंतचे सरळ अंतर पट्टीने मोजावे, रस्त्याचे अंतर घरच्या जाणत्या माणसाला विचारावे, आणि एकाला दुसऱ्याने भागावे. कोणाचे उत्तर १.२ येईल, कोणाचे १.४. ज्याच्या गावाच्या वाटेवर नदी आडवी आहे त्याचे उत्तर मोठे येईल, आणि मग आपल्या गावाला पूल कोठे हवा याचाही विचार तो मुलगा करू लागेल. भूगोल, गणित आणि गावची गरज एकाच वहीत येतील.

थोडक्यात काय, सरळ अंतर एकच असते, ते पृथ्वीने ठरवून दिलेले. उड्डाणाचा वेळ विमानाच्या जातीवर आणि वाऱ्यावर अवलंबून. आणि प्रवासाचा खरा वेळ आपल्या उंबऱ्यापासून मोजायचा. कोणी तुम्हाला मिनिटे सांगितली तर ती ऐकून घ्या, मग विचारा: कोठपासून कोठपर्यंत? एवढा एक प्रश्न विचारण्याची सवय लागली तर तिकिटाचा पैसाही योग्य ठिकाणी खर्च होईल आणि माणूसही वेळेवर पोचेल.